नागदवणा: अकरा महिने कुंडीत

डोंगरातलं झाड घरी आणलं की ते रुसतं, अशी माझी समजूत होती. नागदवणा रुसला तर नाहीच, उलट डोक्यावर बसला. नावाचा घोळ आधी सांगते: लिलीसारख्या पांढऱ्या फुलांच्या क्रायनमलाही लोक नागदवणाच म्हणतात. मी म्हणते तो आर्टेमिसिया निलगिरिका, आपल्या वासाच्या दवण्याचा रानातला भाऊ. पान वरून हिरवं, उलटं केलं की पांढरट लोकरी. चुरगळा, वास उग्र येतो, कापराची आठवण करून देणारा.

सुरुवात बियांनी केली. बी कसलं, धूळच ती! सवयीने वर बोटभर माती लोटली आणि महिनाभर ओल्या मातीकडे बघत बसले. हे बी उजेडात रुजतं. दुसऱ्या खेपेला मातीवर नुसतं भुरभुरवलं, फवाऱ्याने पाणी दिलं, तर बाराव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. मग कौतुकाने पाणी जास्त झालं आणि बरीचशी रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली. हाती राहिली चार.

खरं तर बियांच्या नादी लागूच नका. पाचव्या महिन्यात कुंडी बदलताना बुडाशी पांढरे, गाठीगाठींचे मुनवे, म्हणजे मातीखालून आडवे पसरणारे खोडाचे फाटे, गोल फिरलेले दिसले. त्यातले बोटभर लांबीचे, निदान दोन डोळे असलेले तुकडे आडवे लावले. सातपैकी सहा फुटले. छाट कलमंही धरली, पण कोवळ्या शेंड्यांचीच. जून काडी नुसती वाळली.

माती हलकी हवी, निम्मी तरी वाळू-खडी. शेणखत जास्त झालं की झाड लांबोळकं होऊन लोळतं आणि वासही फिका पडतो, हे मी करून बसले आहे. ऊन भरपूर, पाणी वरची माती सुकल्यावरच.

तक्रारी दोन. परागकण वाऱ्यावर उडतात, मला शिंकांनी हैराण केलं. आता तुरे उमलायच्या आत कापते. घरात कुणी गरोदर असेल तर याचा काढाबिढा अजिबात नको. दुसरी तक्रार पसरण्याची: कुंडी मातीवर ठेवू नका. माझ्या कुंडीच्या भोकातून मुनवा निघून गुलाबाच्या वाफ्यात शिरला. गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा उपटला, काल पुन्हा दोन पानं वर.