वॅग-९ की वॅग-१२बी: इंजिन आलं, विद्या किती आली?

विदर्भात कोळशाच्या मालगाड्या ओढणारी वॅग-९ आणि वॅग-१२बी ही दोन्ही विजेची इंजिनं मूळ परदेशी आराखड्याची, पण आली वेगळ्या दारांनी.

वॅग-९ साठी १९९३ मध्ये रेल्वेनं एबीबी या युरोपीय कंपनीशी करार केला. २२ पैकी १६ इंजिनं सुट्या भागांत आली, सोबत ड्रॉइंग आणि बांधणीचं तंत्र. रेल्वेच्या चित्तरंजन कारखान्यातून पहिलं इंजिन निघायला १९९८ उजाडलं. उशीर झाला खरा, पण हात बसला. गिअरचं प्रमाण ७७:१५ ऐवजी ७२:२० करून त्यातूनच प्रवासी गाड्यांचं वॅप-७ काढलं: ओढ कमी, वेग जास्त. पुढे मोटरला हवी तशी वीज देणाऱ्या कन्व्हर्टरमधले जीटीओ हे जुने स्विच मागे पडले, तेव्हा आयजीबीटी या नव्या स्विचचे कन्व्हर्टर देशी कंपन्याही देऊ लागल्या.

वॅग-१२बी चा करार २०१५ चा. बिहारमधल्या मधेपुऱ्याच्या कारखान्यात फ्रेंच कंपनी अल्स्टॉमचा वाटा ७४ टक्के, रेल्वेचा २६. मागणी ८०० इंजिनांची. ताकद १२,००० एचपी, म्हणजे वॅग-९ च्या जवळजवळ दुप्पट. देखभालीचा एक डेपो नागपुरातच. गाडी ओढण्यात हेच सरस, वाद नाही.

विद्येचा कस उन्हाळ्यात लागतो. वणी-घुग्घुसची कोळशाची धूळ कन्व्हर्टर थंड ठेवणाऱ्या रेडिएटरच्या जाळीत बसते, कन्व्हर्टर तापतो, यंत्रणा स्वतःच ताकद उतरवते आणि भरलेली गाडी चढावर रखडते. हवेच्या झोतानं जाळी कोणताही देखभाल-शेड साफ करतो. जाळीची रचना किंवा सॉफ्टवेअरमधली तापमानाची मर्यादा बदलायची तर ड्रॉइंग आणि सोर्स कोड (सॉफ्टवेअरचं मूळ लिखाण) हातात असावा लागतो. पुढच्या करारात किमतीआधी हे दोन्ही मिळण्याचं कलम वाचावं.