कल्पना मतास टाकावी की परीक्षकांपुढे ठेवावी?

एखादी वस्तू सुचली, तिचे चित्र कागदावर उतरले, पण ती स्वतःच्या खर्चाने बनवून विकण्याची इच्छा किंवा ऐपत नसली, तर आज दोन वाटा खुल्या असतात. पहिली वाट म्हणजे लोकांच्या मतांवर चालणाऱ्या संकेतस्थळावर कल्पना सर्वांसमोर मांडून तिला पाठिंबा मिळवणे. दुसरी म्हणजे एखाद्या उत्पादकाने किंवा संस्थेने बक्षीस लावून जाहीर केलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून तीच कल्पना परीक्षकांकडे गोपनीयपणे पाठवणे. मी एकच कल्पना सात महिन्यांच्या अंतराने या दोन्ही वाटांनी पाठवली. माझा अनुभव एका माणसाचा आणि एका वस्तूचा आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

ती वस्तू म्हणजे शिडीच्या एका पायाला बसवायचा बूट. जमीन समतल नसली की शिडीचा एक पाय अधांतरी राहतो आणि लोक त्याखाली वीट किंवा फळीचा तुकडा सारतात, जे धोक्याचे असते. माझ्या बुटात एकात एक सरकणाऱ्या दोन चौकोनी नळ्या होत्या. ठरावीक अंतरावर भोके, हव्या त्या उंचीला आरपार घालायची लोखंडी खीळ आणि खाली रबरी तळ, एवढीच रचना.

नोंदणी, चित्रे चढवणे, वर्णन लिहिणे हे दोन्हीकडे सारखेच असल्याने त्यावर शब्द खर्च करत नाही. खरा फरक कल्पना पाठवल्यानंतर सुरू होतो.

मतांच्या वाटेची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती दुबळी नाही. न्यूयॉर्कमध्ये २००९ साली सुरू झालेल्या क्वर्की या कंपनीने सामान्य माणसाच्या कल्पनेला थेट कारखान्यापर्यंत नेऊन दाखवले. तिथे मूळ कल्पना मांडणाऱ्यालाच नव्हे, तर तिच्यात सुधारणा सुचवणाऱ्यांनाही रॉयल्टीत वाटा मिळत असे. हवा तसा वळवता येणारा ‘पिव्हट पॉवर’ हा एक्स्टेंशन बोर्ड याच रीतीने बाजारात आला आणि चांगला खपला. कंपनीने सप्टेंबर २०१५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तरी ती रीत खोटी होती असे मी म्हणणार नाही. एकमेकांत बसणारे खेळण्यातले ठोकळे बनवणाऱ्या लेगो कंपनीची योजना तर अजून चालू आहे. जपानमध्ये २००८ साली ‘लेगो कूसू’ या नावाने सुरू झालेली आणि २०१४ पासून ‘लेगो आयडियाज’ म्हणून ओळखली जाणारी ही योजना १०,००० समर्थक मिळवणारी रचना कंपनीच्या परीक्षणाकडे पाठवते. निवड झालीच, तर रचनाकाराला निव्वळ विक्रीच्या १ टक्का रक्कम मिळते. म्हणजे १०,००० मतांनंतरही शेवटचा शब्द परीक्षकांचाच असतो, ही गोष्ट उत्साहाच्या भरात बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते.

मते कशी पडतात, हे मला आधी समजून घ्यायला हवे होते. लेगोच्या त्या योजनेत ‘माइनक्राफ्ट’ या संगणकीय खेळावर आधारलेल्या रचनेने अवघ्या ४८ तासांत १०,००० समर्थक मिळवले, कारण त्या खेळाचे चाहते आधीच लाखोंनी होते. रचना चांगली होती, पण तिच्यामागे उभी राहणारी माणसेही तयार होती. सालगानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याच्याशी जुळतो. त्यांनी १४,००० हून अधिक श्रोत्यांपुढे ४८ अपरिचित गाणी ठेवली. ज्या गटांना इतरांनी काय उतरवून घेतले ते दिसत होते, त्यांत थोडी गाणी फार पुढे गेली, बाकीची फार मागे पडली, आणि कोणते गाणे पुढे जाईल हे प्रत्येक गटात वेगळे ठरले. अगदी चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्या गाण्यांचे काहीही होऊ शकत होते. माझा बूट मधल्यांपैकीच असावा. पहिल्या चार दिवसांत मी ओळखीच्या प्रत्येकाला संदेश पाठवून मते मागितली आणि ती मिळालीही, पण मत देणाऱ्यांपैकी शिडीवर चढून काम करणारे किती होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

तरीही हे सगळे मी सहन केले असते. माझा निर्णय ज्या एका गोष्टीने फिरवला, ती वेगळीच होती.

त्या संकेतस्थळाचा नियम असा होता की पहिले मत पडले की वर्णन आणि चित्रे गोठतात. त्यांत एक अक्षरही बदलता येत नाही. मला तो नियम माहीत होता आणि त्याचे विशेष काही वाटले नव्हते. पाचव्या दिवशी मी प्लायवूड आणि लोखंडी नळीचा कच्चा नमुना करून शिडीला बसवला आणि एका मित्राला दोन पायऱ्या चढायला सांगितले. उतरताना त्याच्या पायातल्या बुटाची कड खिळीच्या डोक्याला घासली आणि खीळ बोटभर बाहेर सरकली. वजन वरच्या पायरीवर असते, तर नळी खाली घसरली असती. चूक स्पष्ट होती. मी खीळ आतल्या बाजूने, म्हणजे जिकडून पाय येतो तिकडून घातलेली दाखवली होती आणि ती अडकून राहावी अशी स्प्रिंगची कडी दिलेली नव्हती. खीळ बाहेरून घालणे आणि टोकाला कडी लावणे, एवढ्याने काम भागत होते. अर्ध्या तासात नवे चित्र तयार झाले.

पण ते चढवायला जागाच नव्हती. मी संकेतस्थळाच्या चालकांना लिहिले, तेव्हा सभ्य शब्दांत उत्तर आले की हवे असल्यास मी कल्पना मागे घेऊन नव्याने मांडू शकतो, मात्र तोवर पडलेली २१४ मते रद्द होतील. मी खाली टीप लिहिली, पण ती चौदाव्या की पंधराव्या प्रतिक्रियेखाली गेली आणि पुढचे काही दिवस लोक त्या जुन्या, घसरणाऱ्या खिळीलाच मते देत राहिले. आपल्याला चुकीची ठाऊक असलेली वस्तू वर चढताना पाहणे फार अस्वस्थ करणारे असते. त्यातून ती माणसाचे वजन पेलणारी वस्तू. मी दहाव्या दिवशी कल्पना मागे घेतली.

न्यायाने सांगायचे तर त्या नियमामागे कारण आहे. वर्णन बदलण्याची मुभा असती, तर कोणीही आकर्षक चित्रावर मते गोळा करून नंतर भलतीच वस्तू मांडली असती आणि मतदारांची फसवणूक झाली असती. शिवाय सगळीकडे हा नियम इतका कडक नसेलही; कदाचित सुधारणांसाठी वेगळी जागा देणारी संकेतस्थळे असतील. पण मला वाटते की अडचण नियमात कमी आणि मत या साधनातच अधिक आहे. मत एका क्षणी, एका चित्राला दिले जाते, आणि उपकरण मात्र पहिल्या चित्रात क्वचितच पुरे होते.

परीक्षकांच्या वाटेवर मला नेमके याच ठिकाणी हायसे वाटले. एका उत्पादकाने उंचसखल जमिनीवर शिडी स्थिर ठेवण्याचे उपाय मागवले होते, तिथे मी सुधारलेला बूट पाठवला. नऊ आठवडे काहीच कळले नाही, हे मान्य केले पाहिजे. मग परीक्षकांचे पत्र आले, त्यात तीन प्रश्न होते. त्यांतला एक असा, की माती ओली असताना एकाच पायाचा तळ रुतू लागला तर वरची जुळवलेली उंची काय कामाची? हा प्रश्न २१४ मतदारांपैकी एकानेही विचारला नव्हता आणि मलाही सुचला नव्हता. मी तळाची पट्टी हातभर रुंद केली, नवे चित्र पाठवले आणि ते स्वीकारले गेले. बक्षीस मला मिळाले नाही, पण हाती आलेला बूट पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगला होता.

या वाटेचा वकूबही लहान नाही. एली लिली या औषध कंपनीतून २००१ साली निघालेल्या इनोसेंटिव्ह या व्यासपीठावर तेलगळती निवारणाचे काम करणाऱ्या अलास्कातील एका संस्थेने थंडीत घट्ट झालेले तेल हलवायचे कसे, असा प्रश्न मांडला होता. २००७ साली त्याचे उत्तर तेल उद्योगाबाहेरच्या एका रसायनतज्ज्ञाने दिले. काँक्रीट आळू नये म्हणून वापरतात तसला व्हायब्रेटर तिथे लावावा, असे त्याने सुचवले आणि त्याला २०,००० डॉलर मिळाले. त्याला कोणाकडेही मते मागावी लागली नाहीत.

उणिवा अर्थातच आहेत. तुमच्या कल्पनेला जुळणारा प्रश्न कोणीतरी विचारलेला असावा लागतो आणि तो महिनोन्‌महिने येत नाही. बक्षीस बहुधा एकरकमी असते आणि त्याबदल्यात हक्क सोडावे लागतात, त्यामुळे वस्तू पुढे कितीही खपली तरी रॉयल्टीची आशा नसते. नकाराचे कारणही दर वेळी कळेलच असे नाही.

पेटंटचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण तो माहीत असला तरी घाईत विसरला जातो. संकेतस्थळावर मांडणे म्हणजे जाहीर प्रकटन, आणि त्याने पुढे पेटंट मिळण्याची वाट बंद होऊ शकते. अमेरिकेत स्वतःच्या प्रकटनानंतर १ वर्षापर्यंत अर्ज करता येतो, पण युरोपीय पेटंटच्या बाबतीत अशी सर्वसाधारण सवलत नाही. मी मते मागण्याआधी तात्पुरता अर्ज केला होता, म्हणूनच दुसरी वाट मला स्वच्छ मनाने धरता आली.

ज्याची कल्पना पाहताक्षणी कळते, म्हणजे खेळणे, शोभेची वस्तू, कापडावरचे चित्र, आणि ज्याच्यामागे आधीच माणसे आहेत, त्याने मतांची वाट जरूर धरावी. तिथे लोकांना आवडणे हीच परीक्षा असते. मात्र वस्तूत सांधा असेल, खीळ असेल, तिच्यावर कोणाचे वजन पडणार असेल, तर मी स्वतः परीक्षकांकडेच जाईन. तरीही मतेच हवी असतील, तर पहिले मत पडण्याआधी नमुना करून दोन अनोळखी माणसांच्या हाती द्यावा आणि आपण काही न बोलता बाजूला उभे राहावे. माझ्या मित्राच्या बुटाची कड त्या खिळीला पाच दिवस आधी लागली असती, तर चढवलेल्या चित्रात ती बाहेरच्या बाजूने दिसली असती.