आठ महिने ओबीडी स्कॅनर वापरल्यानंतर: घाटात दम टाकणारी जुनी गाडी

पहिल्याच दिवशी या स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या संगणकात नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राने, ‘एकही फॉल्ट कोड नाही’ असं दाखवलं आणि 1,450 रुपये पाण्यात गेले, असं मी घरी जाहीर करून टाकलं. ते विधान मागे घ्यायला मला पाच महिने लागले.

गाडी 2011ची, 1.2 लिटर पेट्रोल, 1,34,000 किलोमीटर झालेली. दुखणं असं, की पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर ती एकाएकी ओढायची बंद व्हायची. धक्के नाहीत, मिसिंग नाही, चेक इंजिनचा दिवाही नाही. पाय तळाला टेकलाय, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडतेय आणि मागचा ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढत नाहीये. वर पोचून चहाला पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा नव्यासारखी. गॅरेजमध्ये नेली की डॉक्टरपुढच्या पोरासारखी शहाणी. तोवर प्लग, एक कॉइल, थ्रॉटल बॉडीची सफाई आणि टाकीतला पेट्रोल पंप, असे अकरा हजारांच्या वर गेले होते. पंप बदलल्यावर दोन महिने बरं वाटलं. ते दोन महिने थंडीचे होते, हे मात्र फार उशिरा डोक्यात आलं.

स्कॅनर म्हणजे काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये खोचायची, ब्लूटूथने फोनला जोडायची. जोडणीचा पिन 1234. माझ्या जुन्या गाडीचा संगणक के-लाइनवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका तारेवर बोलतो, त्यामुळे सावकाश. सुरुवातीला हौसेने बारा आकडे एकदम स्क्रीनवर लावले, तर एकेक आकडा बदलायला काही सेकंद लागायचे. मग चारच ठेवले: आरपीएम, इंजिन लोड, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (मिश्रण जमवायला संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा) आणि धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज. जुनी गाडी असेल तर हे आधीच करा. गाडी चालवताना मी फोनकडे बघत नव्हतो. शेजारी मुलगा बसायचा आणि रेकॉर्डिंग चालू ठेवायचा.

चौथ्या महिन्यात ‘पेंडिंग’मध्ये, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या कोडांत, पी0171 दिसला, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. एका मिस्त्रींनी लगेच सुनावलं, “साहेब, ऑक्सिजन सेन्सर गेलाय, टाकून द्या.” पण निरोप आणणाऱ्यालाच कशाला बदलायचं? मी ते रेकॉर्डिंग उघडलं. सपाट रस्त्यावर ट्रिम 4-5 टक्के, काहीच वावगं नाही. घाट सुरू झाला की 12, 16, 19. पाय पूर्ण दाबल्यावर संगणक मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो, तेव्हा सेन्सरचं व्होल्टेज 0.8 ते 0.9च्या आसपास टिकायला हवं. माझ्याकडे ते 0.1वर पडून राहिलं होतं. सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला असता तरी दम गेला असता, पण सेन्सरचं व्होल्टेज असं पडून राहिलं नसतं. मिसफायर असता तर व्होल्टेज खाली दिसू शकतं, पण तेव्हा गाडी झटके देते. म्हणजे इंजिनला पेट्रोलच पुरत नव्हतं.

इथे स्कॅनरचं काम संपलं. पेट्रोलचं प्रेशर किती, हे माझ्या गाडीत तो सांगू शकत नाही, कारण तसा सेन्सरच नाही. साताऱ्यातल्या दुसऱ्या मिस्त्रींनी लाइनमध्ये गेज जोडून तो बाहेरून, वायपरखाली, काचेवर बसवला (पेट्रोलची नळी गाडीच्या आत आणायची नाही, यावर ते ठाम होते आणि बरोबरच होते). थंड असताना 3 बार. घाटात दोनच्याही खाली. नवा पंप असूनही!

मग वायरमन. मागच्या सीटखाली पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावला: थंड गाडीत 13.4 व्होल्ट, चांगल्या तापलेल्या गाडीत 10.7. बॅटरीवर मात्र दोन्ही वेळा 13.9. अर्थिंग ठीक निघालं. बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये पंपाचा रिले, म्हणजे पंपाला वीज जोडणारा-तोडणारा स्विच होता, तो हाताला चटका देत होता. उघडला तर आतले काँटॅक्ट काळे पडलेले. गरम झाला की तो वाटेतच जवळजवळ तीन व्होल्ट खायचा, पंप मंदावायचा. साध्या रस्त्यावर तेवढं पेट्रोल पुरतं, चढावर नाही. नवा रिले 240 रुपये. त्यानंतर एप्रिल-मेच्या उन्हात एसी लावून तीनदा खंबाटकी चढलो, ट्रिम 5च्या वर गेली नाही.

आता तक्रारी. सोळाव्या पिनवर बॅटरीचा करंट कायम असतो, त्यामुळे डबी सॉकेटमध्येच विसरलो आणि दहा दिवसांनी गाडी ढकलावी लागली. एबीएस आणि एअरबॅगचे कोड या साध्या यंत्राला माझ्या गाडीत वाचता येत नाहीत. माझ्या भावाच्या आयफोनला ते जोडलंच गेलं नाही, त्यासाठी वायफायचं किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचं घ्यावं लागतं. आणि अ‍ॅपमधलं ‘क्लिअर’ बटण फार मोठं आहे. कोड पुसला की त्याच्यासोबत नोंदलेले त्या क्षणाचे वेग, तापमान, लोडही जातात. मी एकदा ते दाबलं आणि पुढचा तसा क्षण हाती लागायला तीन आठवडे घाट चढत बसलो.

पाचपैकी चार. एक गुण त्या बटणासाठी कापला. जुना रिले मी टाकला नाही, डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. पंप बदलायला सांगणाऱ्या मिस्त्रींना दाखवायचा आहे.