रात्रीचा वाडा की दुपारचं वावर: हॉरर शॉर्टफिल्म नेमकी कुठं करायची?

मागच्या महिन्यात आमच्या कॉलेजचे दोन पोट्टे घरी आले, सेकंड इयरचे, म्हणे दादा आपल्याला सायकॉलॉजिकल हॉरर करायची आहे आठ मिनिटांची, वाडा पाहून ठेवलाय. मी विचारलं स्टोरी काय, तर म्हणे स्टोरी होते नंतर, वाडा लय भारी आहे. आता हसू कसं, मी पण हेच केलं होतं. पहिली फिल्म आम्ही मामाच्या गावच्या वाड्यात रात्री केली आणि दुसरी दोन वर्षांनी भर मे महिन्यात वावरात, म्हणजे शेतात, दुपारी. दोन्हीत काय हाल झाले आणि काय हाती लागलं ते समोरासमोर मांडतो, तुमचं तुम्ही ठरवा. माझा कल वावराकडं आहे हे आत्ताच सांगून टाकतो, उगा तटस्थ असल्याचा आव आणत नाही.

सायकॉलॉजिकल म्हणजे भूत दाखवायचं नाही, माणसाचा स्वतःवरचा भरवसा कसा उडतो ते दाखवायचं. मी कडी लावली होती का नव्हती? आई आत्ता बोलली का काल बोललेलं आठवलं? असल्या शंकेत सगळी मजा आहे. आता वाडा घ्या. सागवानी खांब, ओसरी, अंधारा जिना, वर वटवाघळं. पहिल्याच शॉटला पब्लिकला कळतं की इथं काहीतरी गडबड आहे. तुम्हाला वाटतं अर्धं काम झालं, पण खरं तर पाहणारा तिथंच सावध होऊन बसतो, आणि सावध माणसाला घाबरवणं लय कठीण. वावरात कोणी सावध नसतं. रोज जायची जागा, धुरा म्हणजे शेताचा बांध, बाभूळ, विजेची डीपी, विहिरीवरची मोटर. तिथं एक गोष्ट जरी चुकीच्या जागी दिसली तरी पोटात गोळा येतो.

आमच्या दुसऱ्या फिल्मची गोष्ट दोन ओळींची होती. पोरगा दुपारी बापाचा डबा घेऊन वावरात जातो, बाप बाभळीखाली हात धुऊन बसलेला, म्हणतो आता काहून आणला बे, मघाशी तूच तर देऊन गेला. शेजारी रिकामा डबा, तसाच, त्याच्याच घरचा. बस एवढंच. वाड्यात ही गोष्ट केली असती तर लोक म्हणाले असते हा बाप भूत आहे. वावरात म्हणाले, पोराचं डोकं फिरलं का बापाचं? आम्हाला हाच प्रश्न पाहिजे होता.

उजेडाचं बोलू, कारण कॅमेऱ्याचं भांडण इथूनच सुरू होतं. मोबाईलचा सेन्सर नखाएवढा, अंधारात तो आयएसओ, म्हणजे उजेड पकडायची ताकद, वाढवतो आणि मग काळा रंग काळा राहत नाही, राखाडी चिखल होतो, त्यात दाणे नाचतात. म्हणून वाडा आणि रात्र म्हटलं की चांगला कॅमेरा आला, तो अमरावती नाहीतर नागपूरहून भाड्यानं आला, डिपॉझिट आलं, लाईट आले, एक्स्टेन्शन बोर्ड आले. आम्ही हे सगळं नेलं आणि रात्री पावणेअकराला गावची लाईन गेली ती दीडला आली. तोपर्यंत हिरोईन ओसरीत झोपून गेली होती. लाईन आल्यावर अजून एक कहर, घरच्या एलईडी बल्बच्या उजेडात फुटेजवर पट्टे सरकताना दिसायला लागले. ते नंतर कळलं, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि आम्ही सेकंदाला ३० फ्रेमवर, शटर (एका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ) १/६० सेकंद ठेवून बसलो होतो. फ्रेम रेट २५ आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की सहसा हा त्रास जातो. हे वाक्य कोणी मला तेव्हा सांगितलं असतं तर एक अख्खी रात्र वाचली असती.

वाडाच करायचा असेल तर एक जुगाड सांगतो, रात्री जाऊच नका. दिवसा जा, खिडक्यांवर गोणपाट आणि काळी ताडपत्री मारा, एकच फट ठेवा आणि त्यातून येणारा उजेड कंदिलाचा नाहीतर चांदण्याचा समजून वापरा. सूर्याएवढा मोठा लाईट कोणीच भाड्यानं देत नाही आणि तो फुकट आहे. बाहेरचा एखादाच शॉट लागला तर सूर्य बुडाल्यावर जी वीसेक मिनिटं आभाळ निळं राहतं त्यात उरका. मुलींच्या घरून परवानगीचा प्रश्न पण असाच सुटतो. आमच्या टीममध्ये दोन पोरी होत्या, रात्रीचं शूट म्हटल्यावर एकीच्या घरून सरळ "नाही" असं उत्तर आलं आणि तिचा रोल आम्ही ऐनवेळी बदलला, फिल्म तिथंच लंगडी झाली. चूक तिच्या घरच्यांची नव्हती, बाईकवर रात्री बाराला रानडुकरांच्या रस्त्यानं कोण पाठवेल?

आता दुपार. आजी म्हणायची, ऐन बाराला चिंचेखाली जाऊ नको, ती वेळ वाईट. लहानपणी हे ऐकून हसायचो, पण मे महिन्यात बारा वाजता गावातून चालत जाऊन पाहा. गल्लीत चिटपाखरू नाही, दारं लावलेली, कुत्री नालीत पसरलेली, सगळं पांढरं पडलेलं. आपल्याकडं भीती रात्रीपेक्षा दुपारी जास्त राहते असं माझं प्रामाणिक मत आहे, फक्त ती कोणी शूट करत नाही.

त्यात आपल्या विदर्भाला एक फुकटची गोष्ट मिळाली आहे, शून्य सावली. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यानं वर्षातून दोनदा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, एकदा मे अखेरीस आणि एकदा जुलैत, पण जुलैत ढग, म्हणून मे. यवतमाळकडं २२ मेच्या आगेमागे, नागपूरकडं २६ मेच्या आसपास, आणि वेळ घड्याळातले बारा नाही तर साधारण सव्वाबारा. त्या वेळी उभ्या खांबाची सावली दिसत नाही आणि माणसाची त्याच्या पायाखाली जाते. विचार करा, तुमचा हिरो धुऱ्यावर उभा आहे, खाली पाहतो आणि सावली नाही. एक रुपयाचा व्हीएफएक्स नाही! तारीख दोन-तीन दिवस इकडंतिकडं झाली तरी पडद्यावर कळत नाही, वेळ मात्र गाठावी लागते, अलीकडं आठ-दहा मिनिटं आणि पलीकडं आठ-दहा, तेवढाच खेळ. आम्ही पहिल्या दिवशी पाणी पीत बसलो आणि गेली वेळ, दुसऱ्या दिवशी परत आलो.

दुपारच्या उन्हाचा अजून एक फायदा कॅमेऱ्यातून पाहिल्यावर कळला. सूर्य डोक्यावर असला की भुवयांची सावली डोळ्यांवर पडते आणि डोळ्यांच्या जागी काळ्या खोबण्या दिसतात. आम्ही आजोबांचं पांढरं धोतर दोन काठ्यांना ताणून डोक्यावर धरायचो, त्यानं उजेड मऊ व्हायचा, चेहरा नॉर्मल. पोराचं डोकं फिरायला लागलं तिथून धोतर काढून टाकलं. मेकअप शून्य, पण गॅदरिंगमध्ये लोक विचारत होते काय लावलं होतं बे तोंडाला. एवढ्या उन्हात मोबाईलचं शटर मात्र लय फास्ट होतं आणि हालचाल तुटक दिसते, तिथं एनडी फिल्टर लागतो, म्हणजे मोबाईलचा काळा गॉगल समजा. नसेल तर तुटक राहू द्या, शेवटच्या दोन मिनिटांत ते चालून जातं.

पण उन्हाला हलक्यात घेऊ नका, हे मी दटावून सांगतो. वाड्यात फार तर साप-विंचू आणि पडकी भिंत, म्हणजे वरच्या माळ्यावर कोणाला चढवायचं नाही आणि टॉर्च मारल्याशिवाय हात घालायचा नाही एवढं पाळलं की झालं. वावरात ४४-४५ डिग्रीत माणूस चालता चालता पडतो. सकाळी सहा ते दहा बाकी सगळं उरका, मग सावलीत बसा, फक्त बारा ते साडेबारा बाहेर या. ताक, ओआरएस, डोक्याला दुपट्टा, आणि ज्याला गरगरतंय त्यानं लाजायचं नाही. मोबाईल पण माणसासारखाच, आयफोनवाले स्वतः सांगतात की ० ते ३५ डिग्रीत वापरा, म्हणजे आपल्या मे महिन्यासाठी तो बनवलेलाच नाही. स्क्रीन मंद होते, मग रेकॉर्डिंग बंद. दोन मोबाईल आलटून पालटून वापरा, एक कायम छत्रीखाली. बर्फावर ठेवायची आयडिया आमच्या एका हुशार मित्रानं केली होती, आत वाफ धरली आणि लेन्स धुरकट, गेला तो दिवस.

आवाजाच्या बाबतीत वाडा सरळ जिंकतो, खोटं कशाला बोलू. दाराची कुरकुर, जिन्याच्या फळ्या, पत्र्यावर मांजर, सगळं तयार मिळतं. फक्त आत आवाज घुमतो, डायलॉग विहिरीतून आल्यासारखा वाटतो, म्हणून कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या बाजूला गोधड्या टांगा. आणि गावात लग्न नाही ना ते आधी विचारा, नाहीतर तुमच्या सायलेन्समध्ये डीजे. वावरात वारा हा दुश्मन, मोबाईलच्या माईकमध्ये नुसती फरफर येते. आम्ही डायलॉग सगळे नंतर घरी गादी आणि गोधडीच्या आत बसून डब केले, तेही चार-पाचच वाक्यं होती म्हणून जमलं.

तरी दुपारचा एक आवाज असा आहे की ज्यावर मी अख्खी फिल्म उभी करायला तयार आहे, तो म्हणजे होल्याचं, त्या कबुतरासारख्या पक्ष्याचं, घुमणं. विदर्भातली दुपार म्हटलं की तेच ऐकू येतं, इतकं की ऐकूच येत नाही. पाच मिनिटं तो आवाज मागं चालू ठेवा, लोक विसरून जातील, आणि बापाच्या त्या वाक्यानंतर तो कट करा. म्युझिक काहीच नको. आमच्या शोला तिथं पोट्टे शिट्ट्या मारायचे थांबले होते. उलट लोक काय करतात, नेटवरून घोंऽऽ असा जाड आवाज घेऊन खाली टाकतात. तुमची फिल्म पाहणार मोबाईलवर, आणि मोबाईलच्या स्पीकरमधून जाड आवाज निघतच नाही, तुम्ही हेडफोन लावून एडिट केलं म्हणून तुम्हाला वाटतं लय भारी झालंय.

परवानगीचं थोडक्यात. वाड्याचे मालक सात, त्यातले चार पुण्यात, दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. एकानं हो म्हटलं की दुसरा शूटच्या दिवशी कुलूप लावून उभा. वावराला एकच माणूस विचारायचा, आणि मे मध्ये जमीन वखरून मोकळी पडलेली असते म्हणून तो सहसा हो म्हणतो. कापूस फुटल्यावर दिवाळीच्या आगेमागे वावर दिसतं सुंदर पण तेव्हा कोणी पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या उभ्या पिकात, पाय ठेवू देणार नाही, आणि देऊ पण नये. बंद जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, करू का असं पण एकानं विचारलं, तर नको, सरकी-कापसाच्या धुळीत गरम लाईट म्हणजे आगीला आमंत्रण.

दोन्हीकडं लागू होणारी गोष्ट म्हणजे लिंबू, टाचण्या, काळी बाहुली हे सामान. गावात शूटनंतर ते कुठं पडलेलं सापडलं तर भानामतीची हवा उठते आणि एखाद्या गरीब म्हातारीवर बालंट येतं. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो काही उगाच आला नाही. सरपंच आणि पोलीस पाटलाला आधी सांगून ठेवा, आणि खरं म्हणजे हे सामान वापरूच नका, तुमची फिल्म डोक्यातली आहे ना? तसंच वावर म्हटलं की पोट्टे लगेच झाडाला दोर लटकवतात. आपल्या जिल्ह्यात ते दृश्य कोणाच्या तरी घरात खरं घडलेलं असतं आणि तो माणूस तुमच्या प्रेक्षकांत बसलेला असू शकतो. मी तरी करणार नाही.

भाषेचा पण एक फरक पडला. वाड्याच्या फिल्ममध्ये आमची पांढऱ्या साडीतली बाई वऱ्हाडीत बोलली आणि गॅदरिंगचा अख्खा हॉल हसला. वऱ्हाडी म्हटलं की लोकांना कॉमेडी आठवते, त्याला काय करणार. मग प्रमाण मराठी घ्यावी का? नाही. वावरात तीच वऱ्हाडी चालली कारण बाप नेहमीसारखाच बोलत होता. "जेवून घे ना बाप्पा" हे वाक्य त्यानं तीनदा म्हटलं, तिन्ही वेळा त्याच सुरात, त्याच जागी थांबून. तिसऱ्या वेळी कोणी हसलं नाही.

तर तुमच्याकडं मोबाईलच आहे, टीम पाच जणांची आहे आणि पेपर मे च्या मध्यात संपतात, तर डोळे मिटून वावर. घरचा वाडा असेल, एकाच मालकाचा, आणि शूट दिवाळीनंतर थंडीत करायचं असेल, तर वाडा, पण दिवसा, गोणपाट लावून. पावसाळ्यात दोन्ही नको, वावरात चिखल आणि वाड्यात पत्र्यावरचा पाऊस, एक डायलॉग ऐकू येणार नाही. त्या दोघा पोट्ट्यांनी वाडा सोडला नाहीच, पण स्टोरी मात्र लिहून आणली परवा. त्यात वाडा फक्त पहिल्या मिनिटाला आहे.