खुर्ची की बाक? कॉलेज फुटबॉलचं तिकीट काढण्याआधी

ऑक्टोबर लागला की फुटबॉल नक्की कुठे बघायचा, हा प्रश्न मला दोन-तीन जण तरी विचारतातच. मुलगा नाहीतर मुलगी इथे अमेरिकेत कॉलेजात, भारतातून आई-वडील आलेले, आणि त्यांना अमेरिकन फुटबॉलचा एक तरी सामना दाखवायचाय. एकीकडे कॉलेजचं स्वतःचं मैदान. दुसरीकडे शहरातल्या नावाजलेल्या बेसबॉल स्टेडियममध्ये ठेवलेला खास सामना, नाहीतर डिसेंबरातला एखादा बाउल, म्हणजे मोसम संपल्यावरचा खास सामना. लागोपाठच्या दोन मोसमांत मी दोन्ही केलं, दोन्ही वेळा बाबा बरोबर होते. त्यामुळे हे जे सांगतोय ते दोन सामन्यांच्या आणि एका आखडलेल्या मानेच्या जोरावर. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

आधी बेसबॉल स्टेडियमची बाजू, कारण ती कच्ची नाही. तिथे जाण्यात एक मान असतो. १९४६ साली न्यूयॉर्कच्या जुन्या यांकी स्टेडियमवर आर्मी (लष्करी अकादमीचा संघ) आणि नोत्र दाम हे पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाचे संघ भिडले आणि सामना ०-० सुटला. एकही गुण न होता गाजलेला असा सामना दुसरा कुठला असेल! नव्या यांकी स्टेडियमात २०१० पासून पिनस्ट्राइप बाउल होतो. शिकागोच्या रिग्ली फील्डवर तर बेअर्स हा व्यावसायिक फुटबॉल संघ १९२१ ते १९७० अशी जवळजवळ पन्नास वर्षं खेळले. शिवाय ही मैदानं शहरात असतात, ट्रेन दारात येते, खाण्यापिण्याची चंगळ असते आणि स्वच्छतागृहं भरपूर. बरोबर सत्तरीतले वडील असतील तर हा शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका.

पण चौकोन पाचरीत बसवायचा म्हटलं की कुठेतरी तासावं लागतं. फुटबॉलचं मैदान एंड झोन (दोन्ही टोकांचे, गुण मिळवायचे पट्टे) धरून १२० यार्ड लांब, ५३ यार्ड रुंद. बेसबॉलचं मैदान म्हणजे कलिंगडाची फोड. रिग्लीवर २० नोव्हेंबर २०१० रोजी नॉर्थवेस्टर्न आणि इलिनॉय खेळले, तेव्हा ही लांबी कशीबशी बसली, पण पूर्वेचा एंड झोन उजव्या भिंतीला जवळजवळ चिकटला. भिंतीला गाद्या लावल्या, तरी धावत येणारा पोरगा थांबणार कुठे? शेवटी सामन्याच्या आदल्या दिवशी ठरलं की दोन्ही संघांनी चढाई फक्त पश्चिमेकडेच करायची. म्हणजे चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे गेला की सगळा लवाजमा दिशा फिरवून उभा. आमच्या गल्लीत एका बाजूला काकूंच्या काचा असायच्या, तेव्हा आम्ही अगदी हेच करायचो. त्यातली गंमत म्हणजे नॉर्थवेस्टर्नच्या ब्रायन पीटर्सने समोरच्यांचा पास मधल्यामध्ये पकडला आणि नको असलेल्या त्याच पूर्वेच्या टोकाला जाऊन टचडाउन केला, म्हणजे चेंडू एंड झोनमध्ये नेऊन गुण मिळवले. चढाईला बंदी होती, बचावाला नव्हती! सामना मात्र इलिनॉयने ४८-२७ असा जिंकला. पुढे २०२१ मध्ये नॉर्थवेस्टर्न-परड्यू सामन्याला मांडणी सुधारली आणि दोन्ही टोकं खेळात आली, तेव्हा तो विनोद आता इतिहासजमा आहे.

खेळाडूंचे बाकीचे हाल मी ओझरतेच सांगतो, कारण तुम्ही तिकीट काढणार आहात, खेळणार नाही. पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, दहा इंची उंचवटा काढायचा, आतल्या मातीवर हिरवळीचे पट्टे अंथरायचे, आणि ती हिरवळ धरली नसेल तर वळताना पाय सटकणार. काही ठिकाणी जागाच नसल्यामुळे दोन्ही संघ एकाच साइडलाइनला, म्हणजे मैदानाच्या एकाच लांब कडेला, उभे करतात. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा कॅल संघ २०११ च्या मोसमातले घरचे बहुतेक सामने सॅन फ्रान्सिस्कोच्या बेसबॉल स्टेडियमवर असाच खेळला. बॉस्टनच्या फेनवे या बेसबॉल मैदानावरही हीच तऱ्हा. लग्नात दोन्हीकडच्या वऱ्हाडाला एकच खोली मिळावी तसं.

आता माझं घोडं कुठे अडलं ते.

स्टेडियमचं नाव घेत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, भूमितीची होती. आणि थोडी माझी. बेसबॉल मला बऱ्यापैकी कळतो, म्हणून बाबांसाठी मी होम प्लेटच्या (फलंदाज उभा राहतो ती जागा) मागची, जरा डावीकडे थर्ड बेसकडे सरकलेली दोन तिकिटं घेतली. बेसबॉलमध्ये ही राजाची जागा. बाबांनाही पटली. क्रिकेटमध्ये बोलरच्या हाताच्या मागे बसायला मिळावं तशी, असं मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. पण फुटबॉलच्या दिवशी होम प्लेट म्हणजे निव्वळ एक कोपरा. आमच्या पायाशी रिकामी हिरवळ, तिच्यापलीकडे जवळच्या एंड झोनचं एक टोक आणि सगळा सामना डावीकडून उजवीकडे लांब लांब पळत गेलेला. पलीकडच्या टोकाचा टचडाउन आम्हाला लोकांच्या ओरडण्यावरून कळायचा.

तेही चाललं असतं. लांबून बघायची आम्हाला सवय आहे. पण खुर्ची! बेसबॉल स्टेडियममधली बहुतेक प्रत्येक खुर्ची पिचर आणि होम प्लेट यांच्याकडे तोंड करून ठोकलेली असते, कारण त्या खेळात सगळं तिथूनच सुरू होतं. खेळ जर आउटफिल्डमध्ये चाललाय तर शरीर एका दिशेला, मान दुसऱ्या. बाबांनी पहिल्या क्वार्टरमध्ये मान वळवून पाहिलं. दुसऱ्यात अख्खेच वळायला गेले, तर गुडघा हाताच्या दांडीला आणि कोपर कप ठेवायच्या कड्याला. मग त्यांनी मफलरची घडी करून मानेखाली ठेवली आणि सरळ समोरच्या मोठ्या पडद्याकडे बघत बसले. हाफटाइमला म्हणाले, "अरे, टीव्हीच बघायचा होता तर घरी काय वाईट होतं? चहा तरी झाला असता." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बामची बाटली मागितली. मला स्वतःला मागायची लाज वाटली, पण त्यांचं झाल्यावर मीही लावला.

पुढच्या वर्षी मुलीच्या कॉलेजच्या मैदानावर गेलो. गाडी लांब लावावी लागली, चालणं झालं, वारा अंगात शिरत होता. आणि बसायला काय, तर ॲल्युमिनियमचे बाक. पाठ नाही, हात नाही, थंडी थेट बुडाला. मी मनात म्हटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्या बाकाचा एक गुण आधी माझ्या लक्षात आला नव्हता. त्याला दिशा नसते. खेळ उजवीकडे गेला की अख्खी रांग उजवीकडे सरकून वळते, डावीकडे गेला की डावीकडे. बाबांनी दुसऱ्या क्वार्टरमध्ये चक्क मांडी घातली. शेजारच्या आजोबांनी त्यांना पॉपकॉर्न दिलं, त्यांनी चिवड्याची पुडी पुढे केली. बँड विद्यार्थ्यांच्या घोळक्यात अगदी जवळ वाजत होता आणि नियम अर्धेच कळत असूनही चौथ्या डाउनला, म्हणजे चढाईच्या शेवटच्या प्रयत्नाला, कधी ओरडायचं हे बाबांना तिसऱ्या क्वार्टरपर्यंत जमलं होतं.

म्हणून मला कोणी विचारलंच तर मी "आधी कॉलेजचं मैदान बघा" असं हळूच सुचवतो. पाहुण्यांना गर्दीची भीती असेल, चालवत नसेल, किंवा त्या ऐतिहासिक स्टेडियमचं नावच घरी सांगायचं असेल, तर बेसबॉलवाल्याला मी नाही म्हणणार नाही. फक्त तिकीट काढताना दोन गोष्टी बघा. बेसबॉलचा नकाशा बंद करून त्या सामन्यासाठी काढलेला फुटबॉलचा आसन-नकाशा उघडा आणि पन्नास यार्डाची रेघ कुठे येते ते शोधा. महागडी होम प्लेटमागची जागा विसरून जा. साइडलाइनला समांतर, शक्यतो वरच्या मजल्यावरची जागा घ्या. खालच्या रांगा फार सखल असतात, पुढे उभ्या असलेल्या धिप्पाड पोरांच्या पाठी सोडून काही दिसत नाही. दोन्ही संघ एकाच बाजूला असतील तर बरोबर समोरची बाजू पकडा, तिथे खालीही मोकळं दिसतं.

बाबा नोव्हेंबरात पुन्हा येतायत. आम्हा चौघांची कॉलेजच्या मैदानाची तिकिटं काढून झाली. बाकावर अंथरायला आईने साताऱ्याहून जुन्या लुगड्यांची गोधडी पाठवते म्हणून कळवलंय.