व्हिडिओतून फोटो काढायला व्हीएलसी : काही महिने वापरल्यावर

सोलापुरात फ्लेक्स, अल्बम आणि फोटोफ्रेमचं दुकान चालवणाऱ्याकडे हल्ली फोटोपेक्षा व्हिडिओच जास्त येतात. "मालक, ह्यात आमचे आप्पा हसतायत बघा, तेवढं काढून द्या की!" आप्पा लग्नाच्या पंगतीत दोन सेकंद दिसतात, तेही वाढप्याच्या मागून. फ्रेम मात्र भिंतभर हवी आणि दहाव्याच्या आत हवी.

या कामाला गेले काही महिने व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर वापरतोय. पॅरिसच्या इकोल सेंट्रालच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून आलेला हा प्लेअर फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि गिऱ्हाइकाने आणलेली जवळजवळ कुठलीही फाइल तो उघडतो. माझ्यासारख्याला एवढं पुरे.

बरेच जण व्हिडिओ थांबवून सरळ स्क्रीनशॉट घेतात. तिथेच निम्मा फोटो वाया जातो. लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा असेल तर स्क्रीनशॉटही तेवढाच येणार, व्हिडिओ कितीही मोठा असो. व्हीएलसीत विंडोजवर शिफ्ट आणि एस दाबलं की व्हिडिओच्या मूळ मापाचं चित्र 'पिक्चर्स' फोल्डरमध्ये जाऊन बसतं. सेटिंगमध्ये फॉरमॅट पीएनजी ठेवा. जेपीजी केलं तर आधीच दाबलेलं (कॉम्प्रेस केलेलं) चित्र आणखी एकदा दाबलं जातं. फाइलच्या नावात सुरुवातीला डॉलरचं चिन्ह आणि कॅपिटल एन टाकलं की व्हिडिओचं नाव आपोआप येतं. चार गिऱ्हाइकांची कामं एकाच दिवशी असली की याची किंमत कळते.

खरी कसरत व्हिडिओतली नेमकी फ्रेम, म्हणजे नेमकं स्थिर चित्र पकडण्याची. कीबोर्डवरचं इ दाबत गेलं की व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकतो. सेकंदाला २५ किंवा ३० फ्रेम असतात, त्यातल्या बऱ्याचशा हलल्यामुळे अस्पष्ट, काहींत डोळे मिटलेले. माणूस हसायला लागतो तेव्हा चेहरा हलत असतो. हसू पूर्ण खुलतं आणि ओसरायला लागतं, त्यामधे तो क्षणभर थांबतो. तिथल्या दोन-तीन फ्रेम स्वच्छ असतात. मी त्या सगळ्या काढून घेतो आणि निवड घरच्यांवर सोडतो. आपल्याला न आवडलेली फ्रेमच त्यांना बरेचदा "हेच आमचे आप्पा" वाटते.

वैताग एकच. माझ्याकडच्या तिसऱ्या आवृत्तीत फ्रेमने मागे येता येत नाही. कारण समजण्यासारखं आहे: व्हिडिओत पूर्ण चित्र अधूनमधून एखादंच साठवलेलं असतं, मधल्या फ्रेमांत बहुतेक फक्त बदल नोंदलेले. मागे यायचं तर आधीच्या पूर्ण चित्रापासून पुन्हा जुळणी करत यावं लागतं. पण समोर माणूस ताटकळत उभा असताना हे कारण सांगून काय उपयोग? अशा वेळी एमपीव्ही हा दुसरा प्लेअर उघडतो. तिथे स्वल्पविराम दाबला की मागे, पूर्णविराम दाबला की पुढे. दिसायला रूक्ष आहे, पण काम चोख.

व्हीएलसीतली सीन फिल्टर नावाची सोय ठरावीक फ्रेमांनी आपोआप फोटो काढत जाते. मूळ सेटिंग दर ५० फ्रेमला एक, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत दर दोन सेकंदाला एक. पूर्ण लग्नावर नजर टाकायला बरी, पण काम झालं की आठवणीने बंद करा. नाहीतर पुढे लावलेल्या प्रत्येक व्हिडिओचे फोटो साठत राहतात.

प्रिंटचं गणित गिऱ्हाइकाला आधीच सांगावं. १९२० बाय १०८० ची फ्रेम ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, जेमतेम साडेसहा इंच रुंद छापता येते. त्याहून मोठी केली तर दुरून बरी दिसेल, जवळून नाही. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला व्हिडिओ तर आणखी दाबलेला असतो. "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" एवढं सांगितलं तरी फरक पडतो, अर्थात मूळ फाइल फोनमध्ये शिल्लक असेल तर.

संक्रांतीच्या आसपास जुन्या हँडीकॅमच्या कॅसेटवरून उतरवलेले इथल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे व्हिडिओ येतात. कुणाच्या वडिलांनी बाराबंदी हा पांढरा पोशाख घालून नंदीध्वजाची उंच काठी पेललेली असते. थांबवून बघावं तर काठीच्या नि हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा. हा व्हिडिओ इंटरलेस्ड असतो, एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी. डी दाबून डीइंटरलेस चालू करा आणि मोड याडिफ निवडा, रेघा बऱ्याच जातात. पण चित्र मुळात ७२० बाय ५७६ चं. पाकिटात ठेवण्याएवढा फोटो छान येतो, फ्लेक्सला मी स्पष्ट नाही म्हणतो.