इमू ऑइल सांगून मिनरल ऑइल गळ्यात मारलं

मी बरीच वर्षं घरी बाम आणि साबण बनवते, लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेण), टॅलो (जनावराची चरबी) सगळं वापरून झालंय, तरी यावेळी फसले म्हणून लिहितेय. आईच्या टाचांना भेगा पडतात, तिच्यासाठी ऑनलाइन इमू ऑइल (इमू पक्ष्याच्या चरबीचं तेल) मागवलं. बाटलीवर मोठ्या अक्षरात '१००% शुद्ध, ट्रिपल रिफाइन्ड', पण घटकांची यादी कुठेच नाही. मी तेव्हाच परत करायला हवं होतं.

तेल पाण्यासारखं पारदर्शक, वासाचा पत्ता नाही. खटकलं म्हणून विक्रेत्याला विचारलं तर म्हणे मॅडम रिफाइन्ड आहे ना, असंच असतं. पटलं मला. मधमाशीचं मेण घालून बाम केला, आईला दिला, मावशीलाही एक डबी दिली.

नंतर उरलेली बाटली रात्रभर फ्रिजमध्ये राहिली आणि सकाळी बघते तर तेल जसंच्या तसं, चमचा बुडवून वर उचलला तर सरसर ओघळलं, ढगाळपणाही नाही. इमू ऑइल म्हणजे पक्ष्याची चरबी वितळवून गाळलेली, फ्रिजच्या थंडीत ती पांढरट आणि दाट व्हायलाच हवी. रिफायनिंगने रंग जातो, वास जातो, पण चरबी ती चरबीच राहते ना!

खात्रीसाठी ५० ग्रॅम तेल घेऊन ६.५ ग्रॅम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात साबण लावून बघितला (हातमोजे, चष्मा घालूनच, कॉस्टिकने भाजतं). कितीही घुसळलं तरी हात थांबला की तेल वर आणि पाणी खाली, दुसऱ्या दिवशीही तेच. चरबी असती तर साबण धरला असता. मिनरल ऑइल म्हणजे पेट्रोलियमपासून काढलेलं तेल, त्याचा साबण होतच नाही, कारण ज्यांचा साबण बनतो ती फॅटी ॲसिडच त्यात नसतात.

विक्रेत्याला फोटो पाठवले, त्याने लॅब रिपोर्ट पाठवला, त्यावरचा बॅच नंबर माझ्या बाटलीवरच्या नंबरशी जुळेना. ते दाखवलं तर उत्तर आलं की सील तोडलंय, रिटर्न होणार नाही. मिनरल ऑइल काही विष नाही, स्वस्त क्रीममध्येही असतं, पण मी आईला ते काय सांगून दिलं होतं याचं फार वाईट वाटलं.

एक मात्र लक्षात ठेवा, फ्रिजमध्ये गोठलं म्हणजे अस्सल असं नाही. ऑलिव्ह ऑइलही गोठतं, पाम तेलाचाही साबण होतो, त्यामुळे स्वस्त तेलाची भेसळ घरी कळत नाही, त्याला लॅबमध्ये फॅटी ॲसिड प्रोफाइलच (कुठली फॅटी ॲसिड किती आहेत ते) काढावं लागतं. म्हणून मी आता ऑर्डरच्या आधीच त्याच बॅचचा रिपोर्ट मागते, द्यायला टाळाटाळ केली की घेत नाही. आणि बाटली आली की बामात घालायच्या आधी दोन चमचे तेल वाटीत काढून फ्रिजमध्ये, निदान मिनरल ऑइल तरी पकडलं जातं.

मावशीकडून डबी परत आणली, आईला टॅलोचा नवीन बाम करून दिला. बाटली ठेवलीय, तक्रारीला लागेल.